सिकेटर म्यानातच बरं

या खेपेची पत्रं चाळताना दिसलं की बहुतेकांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या वेषांत पाठवलाय: थंडी तोंडावर आलीय, गुलाब छाटून घेऊ का?

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचा ज्यांना कंटाळा त्यांचं इथेच भागेल. जिथे हिवाळ्यात दव गोठतं, तिथे शरदात करायची ती छाटणी नव्हे, आवराआवर. मोडकं काढायचं, रोगट काढायचं, वाऱ्याला अडणारं थोडं उतरवायचं आणि सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, पुसून ठेवायचं. खरी छाटणी थंडी सरताना. जिथे पारा शून्याच्या आसपासही फिरकत नाही, तिथला हिशेब पार उलटा, आणि त्याही मंडळींची पत्रं आहेत. तेव्हा कुठलंही उत्तर वाचताना ‘हे माझ्या हवेला लागू आहे का’ एवढं बघा. गुलाबांवर सगळ्यात जास्त अन्याय होतो तो दुसऱ्याच्या हवेतला सल्ला आपल्या बागेत राबवल्यामुळे.

प्रश्न : माझे हायब्रीड टी गुलाब माझ्या डोक्याच्या वर गेलेत. हिवाळ्यात इथे जमीन गोठते. शेजारी म्हणतात, गुडघ्याएवढे ठेवून बाकी उडवा, झाडाला आराम मिळेल. उडवू का?

उत्तर : नका उडवू. शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

फांदीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना, म्हणजे फांदीवरच्या झोपलेल्या कोंबांना, दाबून ठेवतं. शेंडा कापला की तो दाब उठतो आणि खालचे डोळे फुटायला लागतात. वसंतात आपल्याला हेच हवं असतं, म्हणून तर आपण छाटतो. पण शरदात छाटून मोकळे झालात आणि मागाहून चार दिवस ऊब मिळाली, की झाड लालसर लुसलुशीत पालवी काढून बसतं. पहिल्या कडाक्यात ती काळी पडते. नुसती पालवी गेली असती तर हळहळलोही नसतो. पण ती काढण्यासाठी फांदीत राखून ठेवलेली साखर खर्ची पडलेली असते, आणि मेलेल्या कोंबापासून फांदी खाली खाली वाळत जाते ती वेगळीच.

झाड स्वतःच्या तयारीला कधीच लागलेलं असतं. दिवस लहान झाले, रात्री गार पडू लागल्या, की ते वाढ आवरतं घेतं, लाकूड पिकवतं, पेशींतलं पाणी कमी करून साखर वाढवतं. अशा मुरलेल्या फांदीत बर्फ धरतो तो पेशींच्या बाहेर, मधल्या पोकळीत, आणि पेशी तग धरतात. कोवळ्या कोंबात ही सोय झालेली नसते. म्हणून तोच कडाका एकाच झाडावरच्या जुन्या काठीला चालतो आणि नव्या फुटीला मारतो.

त्यातून हायब्रीड टी म्हणजे वाढ थांबवायचं मुळीच मनावर न घेणारी जात. 1867 मधला ‘ला फ्रान्स’ हा या वर्गातला पहिला गुलाब मानतात. या सगळ्यांच्या रक्तात चीनकडून युरोपात गेलेले गुलाब आहेत. वर्षभर पुन्हापुन्हा फुलायचा गुण त्यांच्याकडून आला, आणि थंडीला हळवं असणंही त्यांच्याकडूनच. तेव्हा आधीच जागं राहू पाहणाऱ्या झाडाला आपण कात्री दाखवून आणखी जागवायचं नाही.

आता वाऱ्याचं. तुमच्या झाडांना थोडं उतरवायला हवं, त्याचं कारण हे. डोक्याइतक्या काठ्या हिवाळी वाऱ्यात दिवसरात्र हलतात आणि खाली बुंधा मातीत फिरत राहतो. वाकून बघा: बुंध्याभोवती नरसाळ्याच्या आकाराची फट पडलेली दिसेल, तिच्या कडा गुळगुळीत झालेल्या. त्या फटीत पाणी साचतं, गोठतं, कलमाच्या जोडाची साल फोडतं. शिवाय बारीक तंतुमुळं तुटतात. यावर उपाय एवढाच की वाढ थांबून पानं उतरू लागली, एकदोनदा दव गोठलं, की उंची एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कमी करायची. कंबरेच्या जरा वर, साधारण 90 सेंटीमीटरवर आणलंत की पुरे. इथे डोळा कुठे, तिरका काप कुठे असा विचार करू नका, हे लाकूड वसंतात तसंही जाणार आहे. फट पडलीच असेल तर माती भरून टाचेने दाबा.

उरलेल्या लांब काठ्या मला हव्या असतात. कडाका वरून खाली मारत येतो. 90 सेंटीमीटरची काठी अर्धी मेली तरी खाली हातभर जिवंत लाकूड राहतं. गुडघ्याएवढी ठेवलेली काठी अर्धी मेली की छाटायला काही उरतच नाही.

प्रश्न : आमच्याकडे थंडी म्हणजे एक स्वेटर. पारा बारा-तेराच्या खाली उतरत नाही. मग आम्हीही वसंताची वाट बघायची का?

उत्तर : मुळीच नाही. तुमच्या गुलाबाला झोप अशी लागतच नाही, आणि तुमचा फुलांचा खरा हंगाम हिवाळाच. पावसाळा ओसरला, माती वाफशावर आली, सकाळी गारवा जाणवू लागला, की छाटा. छाटल्यापासून हायब्रीड टीला फूल यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, त्यावरून मागे मोजून दिवस ठरवा. एकापेक्षा जास्त झाडं असतील तर आठवड्याच्या अंतराने छाटा, म्हणजे सगळी एकदम फुलून एकदम रिकामी होणार नाहीत.

झाड साधारण निम्म्यावर आणा. मधल्या गचपणातल्या बारीक काड्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या, पेन्सिलीपेक्षा बारीक असलेलं सगळं काढा. चार ते सहा धट्ट्याकट्ट्या काठ्या, मध्ये उजेड, एवढं राहिलं की झालं. दमट हवेत जाड कापांतून फांदी वाळत जाण्याचं भय असतं, म्हणून त्यांवर बोर्डो पेस्टचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या लेपाचा, हात फिरवा. छाटल्यावर लगेच खताचा मारा करू नका. डोळे टपोरे दिसू लागले की शेणखत द्या, वरून पाणी.

तुमच्याच पत्रात शेवटी विचारलंय की छाटणीआधी माती उकरून मुळं आठवडाभर उन्हात उघडी टाकायची का. झाडाला बळजबरीने झोपवायची ती जुनी युक्ती आहे. मी तिच्या विरुद्ध आहे. पाणी आणि अन्न ओढून घेणारी तंतुमुळं वरच्याच थरात असतात, आणि उकरण्यात पहिला बळी त्यांचा जातो. पाणी थोडं तोडा, तेवढा ताण पुरतो.

प्रश्न : शेवटची फुलं सुकली की खुडायची की ठेवायची? आणि थंडीआधी ताकदीसाठी एक खत देऊन ठेवलं तर?

उत्तर : ठेवायची. एरवी आपण सुकलेलं फूल खुडतो ते झाडाने बी धरू नये, पुन्हा फुलावं म्हणून. आता तेच नको आहे. पाकळ्या गळू द्या, खालची हिरवी गाठ फुगून केशरी, लाल होऊ द्या. फळ धरलं की झाडाची नव्या फुटीची धाव मंदावते. पाकळ्या ओल्या होऊन कुजून चिकटल्या असतील तर तेवढ्या बोटांनी ओढून काढा, त्यावर करडी बुरशी बसते. रुगोसा जातीचे गुलाब असतील तर ही फळं छोट्या टोमॅटोएवढी होतात आणि पक्षी त्यांवर तुटून पडतात. रुगोसाला तर शरदात हातही लावू नका. उणे 35 अंश सोसणारं झाड आहे ते, त्याला आपल्या काळजीची गरज नाही.

खताचं म्हणाल, तर नत्र पहिल्या अपेक्षित कडाक्याच्या सहा ते आठ आठवडे आधी बंद. ‘ताकदीसाठी’ दिलेला युरिया म्हणजे कोवळी फूट काढायचं आमंत्रण. पत्रावरून दिसतंय की तुमचं आधीच देऊन झालंय आणि आता तुम्ही माझ्याकडून परवानगी मागताय. झालं ते झालं. आता पाणी बेताचं ठेवा आणि आलेली फूट तशीच राहू द्या. ती कापलीत तर आणखी येईल.

प्रश्न : काप तिरका, डोळ्याच्या वर, डोळा बाहेरच्या बाजूचा… इतके नियम ऐकले की हात थरथरतो. नेमकं कसं कापायचं?

उत्तर : खरी छाटणी करताना डोळ्याच्या वर पाच-सहा मिलिमीटरवर काप द्या, उतार डोळ्याच्या उलट बाजूला. फार वर कापलंत तर खुंटी राहते आणि ती वाळत खाली येते. फार जवळ कापलंत तर डोळाच वाळतो. बाहेरच्या बाजूचा डोळा निवडला की फांदी बाहेर जाते आणि मध्ये हवा खेळते. नियम इतकेच.

आणि तेही चुकले तरी आकाश कोसळत नाही. ब्रिटनमधल्या रॉयल नॅशनल रोझ सोसायटीने एका वाफ्याला नियमाने छाटणी आणि दुसऱ्याला कुंपण कापायच्या यंत्राने सरसकट सपाटी अशी तुलना करून पाहिली होती. सपाटी केलेली झाडंही फुलांत मागे पडली नाहीत. हे वाचून माझ्या ओळखीच्या कित्येक शिस्तप्रिय बागवानांचा चेहरा पडला होता. मी अजूनही डोळा बघूनच कापते, कारण मला ते काम आवडतं. पण थरथरायचं काहीच कारण नाही.

मी डोळ्याहून जास्त बघते ते गाभ्याकडे. काठी कापा आणि कापलेलं टोक वळवून बघा. मधला गाभा पांढरा किंवा फिकट हिरवट, भोवती ओलसर हिरवी कडा, तर काठी जिवंत आहे. गाभा तपकिरी दिसला तर दोन बोटं खाली उतरा, पुन्हा कापा, पुन्हा बघा. पांढरा लागेपर्यंत उतरत राहायचं, मग बुंध्यापर्यंत जावं लागलं तरी. अर्धा तपकिरी गाभा दिसतो तेव्हा ‘चालेल की’ म्हणायचा मोह होतो. नाही चालत, वर्षभरात ती काठी तिथूनच वाळते.

सिकेटर दोन पाती एकमेकींजवळून सरकणारं घ्या. एक पातं सपाट पट्टीवर येऊन आदळतं तसलं नको, ते जिवंत काठी चेंगरतं. अंगठ्याएवढ्या जाड लाकडाला छोटी करवत. रोगट झाडावरून चांगल्या झाडावर जाताना पाती 70 टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. आधी चांगली झाडं उरकून रोगट शेवटी घेतलंत तर पुसण्याचं कामही कमी होतं.

प्रश्न : भिंतीवरचा वेली गुलाब गेल्या शरदात स्वच्छ छाटला. यंदा पानं भरगच्च, फूल एकही नाही. रोग आहे का?

उत्तर : रोग नाही. यंदाची फुलं गेल्या शरदात तुम्ही कचऱ्यात टाकलीत.

वर्षातून एकदाच, एकाच बहरात फुलणारे वेली गुलाब मागच्या वर्षी वाढलेल्या काठ्यांवर फुलतात. शरदात त्या लांबलचक काठ्या नुसत्या पसारा वाटतात, पण पुढचा बहर त्यांच्याच अंगावर येणार असतो. यांची छाटणी बहर संपल्या संपल्या, उन्हाळ्यात: फुलून गेलेल्या जुन्या काठ्या बुंध्याशी काढायच्या, नव्या बांधून घ्यायच्या. जुने दमास्क, गॅलिका, अल्बा हेही याच स्वभावाचे. पुन्हापुन्हा फुलणारे वेली गुलाब वेगळे. ते शरदाच्या अखेरीपासून हिवाळाभर कधीही आवरले तरी चालतात. त्यांची मुख्य काठी ठेवून आडव्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर आणायच्या.

हा स्वभाव किती पातळ धाग्यावर असतो ते बघायचं तर ‘न्यू डॉन’ बघा. ‘डॉक्टर व्हॅन फ्लीट’ नावाचा फिकट गुलाबी वेली गुलाब होता, बहर एकच. त्याच्याच एका झाडाचा स्वभाव आपोआप बदलला आणि ते पुन्हापुन्हा फुलू लागलं. तोच ‘न्यू डॉन’, 1930 मध्ये बाजारात आला, आणि 1931 मध्ये अमेरिकेत वनस्पतीला मिळालेलं पहिलं पेटंट त्याचं आहे. फूल तेच, पान तेच, काटाही तोच. एकाला शरदात कापलंत तर पुढचा बहर गेला, दुसऱ्याला कापलंत तरी तो उन्हाळाभर फुलत राहील. म्हणून नाव ठाऊक नसलेला वेली गुलाब वाट्याला आला तर पहिलं वर्षभर काहीच कापू नका. कधी फुलतो, नव्या काठीवर की जुन्या, एवढं बघून ठेवा.

शरदात वेलीचं मोठं काम बांधण्याचं. काठ्या जितक्या आडव्या वळवाल तितके जास्त डोळे जागे होतात, कारण आडव्या काठीत शेंड्याची हुकमत कमी पडते. सरळ वर जाऊ दिलात तर फुलं फक्त टोकाला, म्हणजे शेजारच्या गच्चीवरून बघायला. मी बांधायला जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या वापरते: ताणतात, सालीत रुतत नाहीत. तारेने बांधलेल्या काठ्या वर्षादोन वर्षांत तारेशीच मोडलेल्या मी फार बघितल्यात.

प्रश्न : पानांवर काळे ठिपके आले, पिवळी पडून सगळी गळली. थंडीत बुरशी मरेलच ना? मग झाडाखालची पानं आच्छादन म्हणून राहू दिली तर?

उत्तर : बुरशी मरत नाही, त्या पानांतच हिवाळा काढते. काळ्या ठिपक्यांची डिप्लोकार्पॉन गळलेल्या पानांवर आणि काठ्यांवरच्या जांभळट डागांत टिकून राहते. वसंतात पावसाच्या थेंबांबरोबर बीजाणू उडून खालच्या नव्या पानांवर बसतात, आणि पान सलग सातएक तास ओलं राहिलं की लागण झालीच. म्हणजे झाडाखाली जे आच्छादन म्हणून तुम्ही ठेवणार, ते पुढच्या वर्षीच्या रोगाचं बियाणं.

म्हणून सगळं गोळा करा. बुंध्याच्या बेचक्यात अडकलेली, काट्यांना टोचून राहिलेली पानंसुद्धा. हे काम कंटाळवाणं आहे आणि फवारणीपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. घरच्या खताच्या ढिगात टाकू नका. तो ढीग बुरशी मारण्याइतका तापत नाही. काठ्यांवर ठळक जांभळे डाग असतील तर त्या काठ्या वसंतात खालपर्यंत काढा. तांबेऱ्याचंही असंच, पानामागची नारिंगी पूड शरदात काळी होते, तीच हिवाळ्याची तरतूद. भुरी मात्र गळलेल्या पानांपेक्षा डोळ्यांच्या खवल्यांत लपून बसते, म्हणून वेडेवाकडे पांढुरके शेंडे दिसले तर तेवढे शरदातच उडवा. आच्छादन हवंच असेल तर पानं उचलल्यावर वरून नवीन कंपोस्ट पसरा.

प्रश्न : मागच्या कडक हिवाळ्यानंतर माझा पिवळा गुलाब जोमाने फुटला, पण फुलं गडद लाल आली, तीही एकदाच. थंडीने रंग बदलतो का? आणि यंदा झाड झाकावं का, कसं?

उत्तर : रंग बदलला नाही, झाड बदललं. तुमचा पिवळा गुलाब कलमी होता. थंडीत वरचं कलम जोडापर्यंत मेलं आणि खालचा खुंट, म्हणजे ज्या दुसऱ्या गुलाबाच्या मुळांवर ते बांधलं होतं तो, फुटला. गडद लाल, एकाच बहराचा म्हणताय त्यावरून तो ‘डॉक्टर ह्यूई’ असावा. खुंट म्हणून तो फार वापरला जातो. त्यातून पिवळा परत येणार नाही. नवीन लावा.

खुंट किती चिवट असतो त्याचं उदाहरण जर्मनीत हिल्डेसहाइमच्या कॅथेड्रलच्या भिंतीवर आहे. तिथला रानगुलाब, रोझा कॅनिना, हजार वर्षांचा मानतात. मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात कॅथेड्रल उद्ध्वस्त झालं, गुलाब जळून राडारोड्याखाली गेला, आणि त्याच वसंतात मुळांतून पुन्हा फुटला. तो स्वतःच्या मुळांवर असल्यामुळे जे फुटलं ते तोच गुलाब होता. आपल्या कलमी झाडांखालीही पुष्कळदा हीच कॅनिना खुंट म्हणून असते. वरचं मेलं तर तीही अशीच उठते, फक्त आपण लावलेला गुलाब त्यात नसतो. म्हणून कडक हिवाळ्यात राखायचा तो जोड. बाकी काठ्या गेल्या तरी भरून निघतात.

तेव्हा नवीन झाड लावताना हा जोड, म्हणजे डोळा भरलेली फुगीर गाठ, मातीखाली चार-पाच सेंटीमीटर जाऊ द्या. जिथे पारा उणे 10-12 च्याही खाली जातो तिथे भर लावा: बुंध्यावर 25 ते 30 सेंटीमीटरचा मोकळ्या कंपोस्टचा किंवा मातीचा ढीग. माती दुसरीकडून आणा. त्याच झाडाभोवतीची ओढून घेतलीत तर मुळं उघडी पडतात आणि कमावलं ते गमावलं. घाईही करू नका. दोन-तीन चांगले कडाके पडून झाड थांबलं की मगच भर लावायची. ऊब असताना झाकलंत तर आत बुरशी माजते आणि झाड मुरायचंही राहून जातं. भर लावण्याआधी जमीन कोरडी असेल तर एकदा खोल पाणी द्या.

भरीने झाड उबदार राहतं असा गैरसमज आहे. ते थंडच राहतं, पण एकसारखं थंड. झाडाला मारणारी गोष्ट म्हणजे दुपारी वितळणं आणि रात्री पुन्हा गोठणं. म्हणूनच वर बर्फाचा थर बसला तर तो झटकू नका, त्याहून चांगलं आच्छादन नाही. प्लास्टिकने गुंडाळणं मात्र वाईट: उन्हाच्या दिवशी आत तापतं, रात्री गारठतं, म्हणजे नको तेच होतं. फारच कडक प्रदेशात, अमेरिकेतल्या मिनेसोटात, एका बाजूची मुळं सैल करून अख्खं झाड चरात आडवं निजवतात आणि वरून माती लोटतात. मी ते केलेलं नाही, आणि ज्यांची कंबर दुखते त्यांनी त्याऐवजी रुगोसा लावावा.

वसंतात भर एकदम काढू नका. थोडी थोडी, ढगाळ दिवस बघून. आत पांढरे कोंब आलेले असतील तर त्यांना एकदम ऊन सोसत नाही.

प्रश्न : कुंडीतल्या गुलाबाला हेच सगळं लागू का?

उत्तर : छाटणीचं लागू. पण कुंडीत मुळांना चहूबाजूंनी थंडी लागते आणि मुळं काठ्यांपेक्षा नाजूक असतात. दव गोठणारी हवा असेल तर पानं गळाल्यावर कुंडी न तापवलेल्या खोलीत किंवा भिंतीच्या आडोशाला हलवा. घरात उबेत आणू नका, फुटेल. महिन्यातून एकदोनदा माती चाचपून अगदी कोरडी असेल तरच थोडं पाणी. तळाचं भोक मोकळं आहे ना, बघा. साचलेलं पाणी गोठलं की मातीची कुंडी तडकते.

प्रश्न : मग खरी छाटणी नेमकी कधी? तारीख सांगा.

उत्तर : तारीख नाही सांगणार. डोळे फुगून लालसर झाले, पण पानं उलगडली नाहीत, तो आठवडा. थंड मुलखात फोर्सिथिया नावाच्या झुडपाची पिवळी फुलं उमलणं ही खूण धरतात आणि ती तारखेपेक्षा भरवशाची आहे. एखादा उबदार दिवस पाहून भुलू नका; थोडं उशिरा छाटलं तर बहर आठवडाभर मागे जातो इतकंच.

प्रश्न : गेल्या महिन्यात गुलाब आवरताना बोटाला काटा लागला. जखम भरली, पण आता तिथे न दुखणारी गाठ आलीय, आणि मनगटाकडे आणखी एक. गुलाबाच्या सदरात विचारतेय, चालेल ना?

उत्तर : चालेल, पण मला विचारण्यात वेळ घालवू नका, आजच डॉक्टरांकडे जा. काट्यांवर, मातीत, शेवाळात स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी असू शकते. ती काट्याच्या जखमेतून आत जाते, आणि काही आठवड्यांनी तिथे गाठ येते, मग हातावर वरच्या दिशेने एकामागून एक. औषधाने बरी होते, पण बुरशीवरचं औषध लागतं, साध्या प्रतिजैविकाने जात नाही, आणि उपचार काही महिने चालतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून ठेवा. पुढच्या वेळी कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे घाला. कापडी मोज्यातून काटा सरळ आत येतो. आणि डॉक्टरांना तुम्ही गुलाबाची बाग करता हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.